हवा पिणारी झाडं

कुलूप काढून माई घरात शिरली, चपला काढल्या, पिशवी खुंटीला अडकवली आणि तिथेच थबकली. काहीतरी नव्हतं. चोरी झालेल्या घरात पाऊल टाकल्यावर काय गेलंय ते आधी कळत नाही, गेलंय एवढंच कळतं, तसं झालं. टेबल जागेवर होतं, खुर्ची होती, भिंतीवरचं घड्याळ आपल्या चालीने चाललं होतं, जावयाने आणून ठेवलेल्या कुंड्या ओळीने गपचूप बसल्या होत्या. मग तिने श्वास घेतला, पुन्हा एकदा छाती भरून घेतला. घरात वास नव्हता. रोज दार उघडलं की समोरून अंगावर येणारा तो वास, पॉलिशच्या चपड्याचा, स्पिरिटचा, लाकडाच्या भुश्शाचा आणि खाली कुठेतरी घामाचा. नवरा गेल्यापासून लाँड्रीतलं शिवणकाम उरकून घरी आलं की माई त्या वासाला मनातल्या मनात ‘आले हो’ म्हणायची आणि मग दिवा लावायची. आज ‘आले हो’ ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. ती आतल्या खोलीत धावली. कपाट उघडून त्यांच्या कामावरच्या शर्टात तोंड खुपसलं. गालाला सुती कापड लागलं, कॉलरची कड लागली, बटण गार लागलं. पण वास म्हणाल तर कोऱ्या कागदासारखा शर्ट. तिने एकेक शर्ट काढून नाकाशी धरला. शेवटचा शर्ट हातात घेऊन ती पलंगाच्या काठावर बसली, तेव्हा तिची नजर कोपऱ्यातल्या रबराच्या झाडावर गेली. त्याची पानं चकाकत होती.

नवरा फर्निचरला पॉलिश करणारा. कारखान्यात सगळे त्यांना ‘आरसा’ म्हणायचे, कारण त्यांनी हात मारलेल्या टेबलात म्हणे दाढी करता यायची. स्वतःच्या दाढीकडे मात्र आठवडा आठवडा लक्ष नसायचं ही गोष्ट वेगळी. कापसाचा बोळा फडक्यात गुंडाळून, चपड्यात बुडवून ते लाकडावरून गोल गोल फिरवायचे आणि फिरवताना श्वास रोखून धरायचे. श्वासाची वाफ लागली तर चमक मरते, असं त्यांचं म्हणणं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत माईला त्या वासाने घास जात नसे. तिने साबण आणला, लिंबू आणलं, त्यांच्या पाठीला दगड घासला. ते हसत बसून राहायचे. म्हणायचे, “हा कातडीचा वास नाही, आतून येतो. तू आपली सवय करून घे.” आणि तिने सवय करून घेतली, इतकी की ते दोन दिवस बाहेरगावी कामाला गेले तर तिला झोप लागायची नाही. मग त्यांचा शर्ट उशाशी घ्यायची. पुढे खोकला आला. मुलगी दवाखान्यात क्ष-किरणांचे फोटो काढायच्या कामाला लागली होती, तिने बापाला यंत्रासमोर उभं केलं, “श्वास घ्या, धरून ठेवा” म्हणाली, आणि फोटो बघून घरी आली ती सरळ भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी घासत होती. तेव्हाच माईला कळायचं ते कळलं. रोखून धरलेले ते सगळे श्वास कमीच पडले होते, बाकीच्यांनी छाती भरून गेली होती.

ते गेले तेव्हा माईचा हात त्यांच्या छातीवर होता. एक श्वास बाहेर आला, सावकाश, जिना चढून दमलेला माणूस टाकतो तसा, आणि मग छाती खाली राहिली ती राहिलीच. खिडकी उघडी होती, पडदा हलत होता. माई उठली आणि तिने आधी खिडकी लावली. मुलीला हाक मारली ती त्यानंतर. का लावली ते तिला त्या वेळी सांगता आलं नसतं, आणि नंतरही तिने कुणाला सांगितलं नाही. साधा हिशेब होता तिच्या मनात. शेवटचा श्वास बाहेर आला, तो कुठे गेला? खोलीतच आहे. खिडकी बंद, दार बंद, तर जाईल कुठे? येणाऱ्या-जाणाऱ्यांपुरतं दार किलकिलं करायचं आणि चटकन लावायचं, असं तिचं चालू झालं. लोकांना वाटलं, बिचारी धक्क्यातून सावरली नाही. समोरच्या दारातली मास्तरीण एकदा तोंडावरच म्हणाली, “अहो, हे घर आहे की तुम्ही लोणच्याची बरणी करून ठेवलीय?” माई हसली आणि दार लावून घेतलं. वास होता तोवर कुणी काहीही बोलावं.

मग मुलीला बाळ झालं. दिवस भरायच्या आत झालं, एवढंसं, आणि त्याची छाती कबुतराच्या पिलासारखी धडधडायची. काचेच्या पेटीतून ते घरी आलं, हळूहळू अंग धरू लागलं. आता मुलीची रजा संपत आली होती. दिवसभर बाळाला आजीनेच सांभाळायचं हे ठरलेलंच होतं, त्यात विचारायचं काय? पण मुलगी घरात आली, तिने उंबऱ्यातच नाक दाबलं आणि म्हणाली, “आई, खिडक्या उघड. याच हवेने बाबा गेले. ह्या हवेत मी त्याला ठेवणार नाही, सरळ सांगते.” माई नुसती खिडकीच्या आणि मुलीच्या मध्ये जाऊन उभी राहिली. शेवटी जावई मध्ये पडला. तो स्वभावाने मऊ, आणि मोबाइलवर वाचलेल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवणारा. म्हणाला, “राहू द्या खिडक्या. आपण झाडं आणू. घरात ठेवायची झाडं हवेतलं सगळं विष ओढून घेतात. स्पिरिट, थिनर, रंगाचा वास, काही सोडत नाहीत. पितात अक्षरशः.” दुसऱ्याच दिवशी मनी प्लांट आला, स्नेक प्लांट आला, बारक्या पोरांसारखी पिल्लं लोंबणारा स्पायडर प्लांट आला आणि पलंगाशेजारी रबराचं झाड आलं. सोबत हवा बघायचं एक पांढरं डबडं. त्याच्यावरचा दिवा हिरवा झाला की बाळ आजीकडे येणार, लाल झाला तर नाही. दिवा पिवळा लागला आणि पिवळाच राहिला. माईला झाडांचं काही वाटलं नव्हतं तेव्हा. उलट पाणी घालताना त्यांच्याशी बोलायचीही. ‘पितात’ हा शब्द तिला आज आठवला, त्यांचा बिनवासाचा शर्ट मांडीवर घेऊन बसलेली असताना.

ती उठून रबराच्या झाडाजवळ गेली. पानं जाड, गडद आणि इतकी तुकतुकीत की खोलीतला दिवा प्रत्येक पानात वेगळा दिसत होता. अशी चमक तिने आयुष्यात एकाच माणसाच्या हातची पाहिली होती. तिने पदराने एक पान पुसलं. पदरावर पिवळट तांबूस डाग पडला. धूळ असेल, असं ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून दचकली. मग तिच्या लक्षात आलं की झाड खिडकीकडे झुकलेलं नाही. झाडं उजेडाकडे झुकतात एवढं तिलाही ठाऊक होतं, पण हे कपाटाकडे झुकलं होतं. वरचं नवं पान, अजून लाल सुरळीत गुंडाळलेलं, थेट कपाटाच्या फटीकडे रोखलेलं होतं. तिने कुंडी धरून फिरवली आणि पान भिंतीकडे केलं. आठवडा सरला नाही तोच ते पुन्हा कपाटाकडे वळलं. कपाटाचं दार त्यांनीच चमकवलेलं, पडद्याच्या कडेचा उजेड त्यावर पडून परत येत असेल, आणि ते बिचारं तिकडे वळत असेल, असा विचार तिने केलाही. तो पटतही होता. पण दुपारी ती पलंगावर पडली की पाठीमागे कुणीतरी ओठ न उघडता काहीतरी ओढून घेतंय असं वाटायचं, आणि पटलेलं सगळं वाऱ्यावर जायचं.

तिने पाणी तोडलं. झाडं सुकतील, मरतील, मग निदान उरलंसुरलं तरी राहील. जावयाला काय, सांगता येईल हाताला गुण नाही म्हणून. पण झाडं मरेनात. माती भेगाळली तरी रबराने आणखी एक सुरळी काढली. स्पायडर प्लांटची पिल्लं लोंबत लोंबत जमिनीपर्यंत आली. पाण्याशिवाय कशावर जगतायत ही, असं स्वतःला विचारायची तिला भीती वाटू लागली, कारण उत्तर तिच्याजवळ होतं. लाँड्रीत ती पँट आखूड करायची, चेन बदलायची. सगळं हाताने होत राहायचं आणि मन घरी. रस्त्याने जाताना लोकांच्या खिडक्यांत कुंड्या दिसायच्या. पहिल्या मजल्यावर, चौथ्या मजल्यावर, दवाखान्याच्या काचेमागे, बँकेच्या काउंटरवर. केवढी झाडं आहेत शहरात, आणि केवढी घरं, प्रत्येक घरात कुणीतरी श्वास सोडलेला. ती नजर खाली घालून चालायची. एकदा दूध तापत ठेवून ती आतल्या खोलीत पानांकडे बघत बसली होती, तर दार धडाधड वाजलं. मास्तरीण होती.

“माई, अहो, झोपलात की काय? दूध करपलं! माझ्या घरापर्यंत वास आलाय!”

माई स्वयंपाकघरात आली. पातेलं काळं ठिक्कर पडलं होतं, धूर छताला लागला होता. डोळ्यांतून पाणी आलं.

“लक्ष कुठे असतं तुमचं?” मास्तरीण पदराने धूर वारत म्हणाली. “बाळ येणार ना आता इथे? मग ती खिडकी तरी उघडा.”

“नको, नको. धूर जाईल आपोआप.”

“आपोआप जायला धुराला काय पाय आहेत?” मास्तरीण पुढे झाली, आणि माईने तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की मास्तरीण हात सोडवून घेऊन तशीच निघून गेली. माईला वाईट वाटलं. पण त्याहून एक विचार तिच्या डोक्यात घट्ट बसला. करपलेल्या दुधाचा वाससुद्धा त्या झाडांनी पिऊन टाकला होता. काहीच सोडत नाहीत ती.

कपाटाच्या खालच्या खणात त्यांचे डबे होते. अर्धवट उरलेला चपडा, थिनर, लॅकर, आणि वाळून दगड झालेले बोळे. झाकणं त्यांनीच ठोकून बसवलेली. माईने चमच्याच्या दांड्याने एक झाकण उचकटलं. आतलं पॉलिश मधासारखं हललं. तिने वाकून श्वास घेतला. नाकात काहीतरी गार, टोचरं गेलं, पण वास नाही. म्हणजे डबा उघडताक्षणीच पितायत, असं तिला वाटलं, आणि तिला राग आला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा स्वच्छ, खणखणीत राग. प्या, किती पिता तेच बघते मी. पोट फुटेस्तोवर प्या. कधीतरी तुमचं पोट भरेल, आणि त्यानंतर उरेल ते माझं. तिने दुसरं झाकण काढलं, तिसरं काढलं. बोळा थिनरमध्ये भिजवून मऊ केला, चपड्यात बुडवला आणि कपाटाच्या दारावरून फिरवू लागली, गोल गोल, ते फिरवायचे तसा, श्वास रोखून. दार चकाकू लागलं. मग ती पलंगाच्या दांडीवर हात मारू लागली, मग खुर्चीवर. रोज लाँड्रीतून आलं की हेच. डोकं जड व्हायचं, गाल गरम व्हायचे, खोकल्याची उबळ यायची. पांढऱ्या डबड्याचा दिवा लाल झाला तेव्हा तिने त्याच्यावर बाळासाठी विणायला घेतलेलं टोपडं घातलं. लोकरीतून लाल उजेड बाहेर पाझरायचा. आणि त्या गुंगीत, कपाटाच्या ओल्या चकाकत्या दारात, आपल्या खांद्यामागे आणखी एक खांदा आहे असं तिला दिसू लागलं. ती मागे वळून बघत नसे. वळलं तर तिथे रबराचं झाड असणार, हे तिला माहीत होतं, आणि ते आता तिच्या उंचीचं झालं होतं. ती नुसती हात फिरवत राहायची, आणि मागचा तो खांदा तिच्याबरोबर हलायचा. ती सुखी होती का? थोडी होती. खोटं कशाला बोला. आणि भीतीने तिची पाठ बर्फ झालेली असायची, हेही तितकंच खरं.

दार वाजलं ते अशाच एका दुपारी. मुलगी न सांगता आली होती, कडेवर बाळ. तिची रजा संपली होती, सासूबाईंना ताप भरला होता, आणि नेमकं तिला कामावर बोलावणं आलं होतं. “आई, आजच्या दिवस तरी” असं काहीतरी म्हणत तिने पाऊल आत टाकलं आणि कुणी ढकलल्यासारखी मागे जिन्याच्या कठड्याला जाऊन टेकली. बाळाचं तोंड तिने ओढणीत झाकलं.

“आई गं! काय केलंस हे? केवढा वास! डोळे चुरचुरतायत!”

“कसला वास?” माईने विचारलं. तिच्या हातात बोळा होता.

“कसला म्हणजे? चपडा, थिनर... सगळ्या जिन्यात भरलाय. खालच्या मजल्यापासून येतोय. मला वाटलं, बाबाच...” मुलगी आईच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. “आई, तुला येत नाही?”

“झाडांनी प्यायला. तुझ्या नवऱ्यानेच सांगितलं होतं, काही सोडत नाहीत म्हणून. सगळं पिऊन टाकलं मेल्यांनी, तुझ्या बाबांचं काही काही ठेवलं नाही...”

“आई, चार कुंड्या काय हवा पिणार, डोंबल!” मुलगी ओरडली. तिचा आवाज जिन्यात घुमला. “तू खिडक्या उघडेनास म्हणून आणल्या त्या. मला तरी दुसरं काय सुचणार होतं?” मग ती हळू आवाजात म्हणाली, “इकडे ये. बाहेर ये जरा. डोळे मीट.”

माईने उंबऱ्याबाहेर येऊन डोळे मिटले. नाकाशी काहीतरी आलं, मऊ आणि ऊबदार. केसांची लव ओठांना लागली. तिने श्वास घेतला, छाती भरून. कोरा कागद. आणखी घेतला. तिने डोळे उघडले तेव्हा तिच्या नाकाशी बाळाची टाळू होती. कुठल्याही बाळाच्या टाळूला जो वास येतो, दुधाचा, तेलाचा, झोपेचा, तो तिथे असणारच होता, आणि तो तिच्यापर्यंत येत नव्हता. तिला एकदम सगळं कळलं. झाडांनी काहीही घेतलं नव्हतं. घर वासाने काठोकाठ भरलेलं होतं, ते होते तिथेच होते, रोज होते. त्या कोंडलेल्या हवेत तिचंच नाक मेलं होतं. आणि ज्या वासासाठी ते घालवलं, त्याच्यापायी आता ही एवढीशी टाळूही तिला हुंगता येणार नव्हती. बाळ खोकलं. बारीक, कोरडं. तो खोकला तिच्या ओळखीचा होता.

“तू इथेच थांब त्याला घेऊन,” माई म्हणाली. “आत येऊ नकोस. मी खिडकी उघडते. पण मला कळायचं नाही गं. तू सांग. अजून आहे का, ते सांगत राहा.”

जिन्यातून बाहेरच्या खोलीचं दार, त्यातून आतल्या खोलीचं दार, आणि समोर खिडकी, असं सगळं एका रेषेत दिसायचं. मुलगी उंबऱ्याबाहेर उभी राहिली, बाळाला खांद्याशी धरून, त्याचं तोंड आतल्या बाजूला. माईने पडदा सरकवला. कडी गंजली होती. तिने दोन्ही हातांनी ओढली, अंगठ्याची साल निघाली, आणि खिडकीची तावदानं एकदम उघडली. रस्त्याचा आवाज आत आला, कुणीतरी कुणालातरी हाक मारत होतं, एक गाडी मागे जात होती. गार वारा तिच्या तोंडावर आला.

“आहे,” मुलगी उंबऱ्यातून म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, “आहे अजून.”

माई खिडकीला पाठ टेकून उभी होती. वारा तिच्या मागून आत येत होता, पदर पुढे उडत होता. आणि कपाटाजवळ रबराच्या झाडाचं सगळ्यात मागचं पान हललं. ते वाऱ्याबरोबर मागे गेलं नाही, पुढे लवलं, खिडकीच्या दिशेने. मग त्याच्या पुढचं लवलं, मग त्याच्या पुढचं. अरुंद वाटेने कुणी अंग चोरून चालावं आणि बाजूच्या फांद्या अंगाला लागाव्यात, तशी एकेक करून पानं लवत होती आणि पुन्हा सरळ होत होती.

“आहे,” मुलगी म्हणाली, पण तिचा आवाज फाटला होता. “आहे गं आई, अजून आहे.”

वास सरला होता, मुलगी खोटं बोलतेय हे माईला कळलं. ती मुलीकडे बघतच नव्हती. ती बाळाकडे बघत होती. बाळाचा खोकला थांबला होता. डोळे पूर्ण उघडून ते कपाटाकडे बघत होतं. मग त्याची नजर कपाट सोडून सरकली, पलंगाच्या कडेने, कुंड्यांच्या ओळीवरून, अगदी सावकाश, चालणाऱ्या माणसाच्या मागोमाग जाते तशी. माईपाशी येऊन ती थांबली. तिच्या चेहऱ्यावर नाही, चेहऱ्याच्या जरा पुढे, हाताच्या अंतरावर. माईने हात उचलला आणि तिथल्या हवेत धरला. हाताला काहीच लागलं नाही. तिने वास घेऊन बघितला नाही. तिला मोठ्याने रडू येत होतं आणि ती रडत होती.

आयुष्यभर ते कामाला निघाले की दारातून ती ‘या’ म्हणत आली होती. तिने खिडकीतून बाजूला होऊन वाट दिली.

“जा आता,” माई म्हणाली. “सावकाश जा.”

बाळाची नजर खिडकीबाहेर गेली.